गाडीच्या दिवसाची गोळी

माझं लग्न झालं तेव्हा सासूबाईंच्या कमरेला कायम एक चंची खोचलेली असायची. लाल कापडाची, एकाखाली एक कप्पे असलेली, गुंडाळून दोरीनं बांधायची. एका कप्प्यात सुपारी, एकात कात, एकात चुन्याची डबी आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात तंबाखू. अडकित्ता वेगळा. आजही तीच चंची आहे, तीच दोरी आहे, फक्त कप्प्यांमध्ये हृदयाच्या गोळ्या असतात.

काही वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, त्यांच्या छातीत कळ आली. त्यांच्या गावाहून, फुलसावंगीहून, त्यांना यवतमाळला आणलं. जीव वाचला, पण हृदय कमजोर झालं. डॉक्टरांनी सांगितलं, तंबाखू बंद, मीठ कमी आणि गोळ्या जन्मभर. त्यावर त्या खाटेवरूनच हसल्या होत्या. "जनमभर म्हणजे आता असं किती राह्यलं बाप्पा?" तंबाखू मात्र त्यांनी त्याच दिवशी सोडला. घरी गेल्यावर चंची सोड्यात भिजवून धुतली, उन्हात वाळवली आणि गोळ्यांना देऊन टाकली. मी यवतमाळच्या दुकानातून वारांची नावं लिहिलेली प्लास्टिकची छान डबी आणली होती. तिच्यात त्यांनी सुया आणि बटनं भरून ठेवली.

मी नर्स आहे. घर यवतमाळला, नोकरी बाभुळगावच्या सरकारी दवाखान्यात. रोज एसटीनं जाते-येते, तासाभराच्या आतला रस्ता. दिवसभर लोकांना गोळ्या समजावून सांगणं हेच माझं काम आणि समजावून सांगितल्यावर कोणी मान हलवून उलटंच केलं की माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, "बीपी तुझा वाढायला पाहिजे, वाढतो आईचा." मी सासूबाईंना आईच म्हणते. आईंनाही मी सगळ्या गोळ्या समजावल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या पेशंटांत त्या हुशार निघाल्या.

सुपारीच्या कप्प्यात रक्त पातळ ठेवणारी गोळी आली. ती जेवणानंतरच घ्यायची, उपाशीपोटी घेतली तर जठर जाळते. दात घासताना रक्त आलं, अंगावर निळे-काळे डाग दिसले तर मला फोन करायचा. काताच्या कप्प्यात नाडी सावकाश ठेवणारी. ती घेण्याआधी मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहायची. ठोके फार संथ लागले, गरगरलं, तर गोळी तशीच ठेवून आधी विचारायचं. आणि ही गोळी मनानं एकदम बंद करायची नाही, बैल भरधाव असताना कासरा सोडून दिल्यासारखं होतं. हे शेवटचं त्यांना इतकं पटलं की गल्लीतल्या दोघी-तिघींना त्यांनी ते परस्पर सांगून टाकलं. चुन्याच्या कप्प्यात बीपीची. जिभेखालची गोळी अगदी वरच्या खिशात, तिच्या मूळ वेष्टनातच, कारण उजेड आणि दमट हवा तिला सोसत नाही. कळ आली तर आधी बसायचं, मग ती जिभेखाली ठेवायची. उभ्यानं घेतली तर माणूस पडतो. आणि सगळ्यात आत, तंबाखूच्या जागी, नंतर सुरू झालेली लघवीची गोळी. हृदय कमजोर झालं की अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, रात्री आडवं होता येत नाही. ती गोळी ते साचलेलं पाणी काढते. घेतल्यावर तासाभरात बाई परसात जायला लागते आणि दोन-चार फेऱ्या तरी होतातच.

गोळ्यांची पाकिटं कापायला त्या अडकित्ताच वापरायच्या. मी कात्री दिली तर म्हणाल्या, "कातरीनं कापता येते का कुठं नीट?" सुपारीची खांडं ज्या हातानं केली त्याच हातानं त्या एकेक गोळी तिच्या चंदेरी चौकोनासकट वेगळी करत. कधी एक चौकोन वाकडा निघाला नाही.

दर दोन महिन्यांनी तपासणी असायची. त्या दिवशी त्या पहाटे उठत, सकाळच्या पहिल्या गाडीनं निघत, महागावला गाडी बदलत आणि आर्णीवरून यवतमाळला येत. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर त्यांना एसटीचं भारीच कौतुक. माझा नवरा त्यांना स्टँडवरून घेई आणि दोघं सरळ डॉक्टरांकडे जात. मी ड्यूटीवर असे. मी परत येईपर्यंत त्या माझ्या स्वयंपाकघरात भाकरी टाकून, खाऊन, दुपारच्या गाडीनं निघून गेलेल्या असत. मुक्कामाला राहत नसत. अंगणात झाडू पडला नाही तर घर रुसते, असं त्यांचं म्हणणं.

आणि दर तपासणीला बीपी वाढलेला. पाय सुजलेले. डॉक्टर विचारत, "गोळ्या घेता ना, आजी?" त्या म्हणत, "घेतो ना, रोज घेतो." मग डॉक्टर गोळीची ताकद थोडी वाढवून देत. पुढच्या तपासणीला पुन्हा तेच. चिठ्ठी पाहिली की माझं डोकं उठायचं. घरी गोळ्या वेळेवर, चंचीत हिशेब बरोबर, मग बीपी उतरत कसा नाही? मला एकच कारण दिसत होतं, मीठ. संक्रांतीला गेले तेव्हा मी त्यांच्या घरातली लोणच्याची बरणी उचलून शेजारी देऊन टाकली, पापडांचा डबाही दिला. पापडात खार असतो, त्यातही मिठातलंच सोडियम. आई चुलीपाशी बसून पाहत होत्या. एवढंच म्हणाल्या, "रोग हाल्याले अन् इंजेक्शन पखालीले." पाणी वाहणाऱ्या रेड्याला आजार आणि सुई मात्र त्याच्या पाठीवरच्या कातडी पिशवीला. आमच्याकडे कुणीही, कशावरही म्हणतं ही म्हण. मी त्यावर आणखी चार वाक्यं ऐकवली आणि बरणी नेऊन दिली.

मग त्या पडायला लागल्या. पहिल्यांदा चुलीपुढून उठताना. दुसऱ्यांदा अंगणात सडा टाकून सरळ होताना. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाल्या. दुसऱ्या वेळी कपाळाला खोक पडली आणि शेजारणीनं फोन केला. 

माझ्या नवऱ्यानं आणि दिरांनी त्याच आठवड्यात ठरवून टाकलं. आई आता एकटी राहू शकत नाही. होळी झाली की घराला कुलूप आणि आई यवतमाळला. नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्याच्या बोलण्यात आणखी एक जुनी गोष्टही आली. गेल्या वर्षी एकदा आई गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांचं लुगडं ओलं झालेलं होतं, पाण्याची बाटली सांडली म्हणाल्या होत्या. "साधी बाटली सांभाळता येत नाही हातात," नवरा म्हणाला, "उद्या चुलीवरचं आधण अंगावर घेतलं म्हणजे?" मीही मान डोलावली. पडलेल्या म्हाताऱ्या माणसांचं पुढं काय होतं ते मी रोज पाहते.

पण ते घर म्हणजे काय होतं हेही मला ठाऊक होतं. दोन खोल्या, टिनाचं छप्पर, पुढं सारवलेलं मोठं अंगण. मार्च लागला की त्या अंगणात गल्लीतल्या बाया जमतात आणि सरगुंडे होतात. भिजवलेल्या कणकेची दोरी काडीवर गुंडाळत जायची, काडी काढून घ्यायची, वेटोळी उन्हात वाळवायची. लग्नाघरी व्याह्यांना आमरसाबरोबर सरगुंडे वाढले नाहीत तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. कणीक किती घट्ट हवी ते आई बोट लावून सांगतात. त्यांनी बोट लावल्याशिवाय कुणी काडी उचलत नाही. यवतमाळच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात त्या बोट कशाला लावणार होत्या?

फोनवर त्यांनी मुलांना हो म्हटलं. मग मला एकटीला फोन केला. "तू सांग त्याईले. या येळचा रिपोर्ट चांगला आला तं राहू द्या म्हणा मले इथंच."

"आणि नाही आला तर?"

मग म्हणाल्या, "तं काय. येतो. चंची घेऊन येतो."

मला रडू आलं. राग आला की मला बोलता येतं, रडू आलं की काही सुचत नाही. मी रजा टाकली आणि तपासणीच्या आदल्या संध्याकाळी फुलसावंगीला गेले. म्हटलं, यावेळी मी स्वतः घेऊन येते, सकाळपासून डोळ्यांसमोर.

सकाळी त्यांनी आंघोळ केली, चहा मला एकटीला दिला, वर एक तांब्या पाणीही दिलं. "पी, रस्ता लांब आहे." स्वतः ओठाला थेंब लावला नाही. मी म्हटलं, गोळ्या घ्या. त्या चंची कमरेला खोचत म्हणाल्या, "घेतो नं मंग. गाडी येऊन राह्यली."

"मंग म्हणजे कधी?"

"आल्यावर."

मी चंची काढून घेतली आणि उघडली. सगळे कप्पे जसेच्या तसे. मग दर तपासणीचा वाढलेला बीपी आठवला आणि ध्यानात आलं की हे आजचं नाही. मी त्यांना समोर बसवून विचारलं, तपासणीच्या दिवशी कधीच घेत नाही का? त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "रक्त तपासतील म्हणून उपाशी जा लागते," म्हणाल्या. मी म्हटलं, उपाशी राहायला कुणी सांगितलं, आणि उपाशी असलं तरी घोटभर पाण्यानं बीपीची गोळी घेता येते. मग म्हणाल्या, घाईत राहून जाते. मग म्हणाल्या, त्या रातच्याला घेतो मी, एक दिवस इकडचा तिकडं. 

मी जे बोलायला लागले ते थेट रस्त्यापर्यंत बोलत होते. डॉक्टर बिचारा दोन महिन्यांतून एकदा पाहतो, तोही नेमका गोळी न घेतलेल्या दिवशी. त्याला बीपी वाढलेलाच दिसणार. तो गोळी वाढवणार. ती वाढीव गोळी तुम्ही घरी येऊन रोज इमानदारीनं घेणार. मग बीपी खड्ड्यात जाणार आणि तुम्ही अंगणात! आई पुढं चालत होत्या. गल्लीतली एक बाई दारातून पाहत होती, तिला त्यांनी सांगितलं, "सून नर्स आहे नं, म्हणून बोलून राह्यली." गाडीत बसल्यावरही मी बोलत होते. महागावला गाडी बदलली आणि माझं बोलणं हळूहळू थांबलं.

थांबलं, कारण तो चहा आणि तो तांब्या.

आधी मी दुर्लक्ष केलं. मग पायावर पाय टाकला. मग खिडकीतून बाहेर पाहत राहिले, पळसाला फुलं आली होती, ती पाहिली. रस्त्यावरचा एकेक खड्डा मला पोटात कळत होता. वाटेतल्या एका स्टँडवर गाडी थांबली. कंडक्टर म्हणाला पाच मिनिटं. मी धावत गेले तर बायकांची रांग दारापासून पार फलाटापर्यंत, आत एकच दार उघडं. मी रांगेत उभी आणि गाडीनं भोंगा दिला. तशीच परत येऊन बसले.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "झालं का?"

"नाही."

"पुढं एक बाभळीचं बन आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण तिथं गाडी नाही थांबत. डायव्हरले सांगा लागते. सांगतं?"

मी पुढं पाहिलं. सगळी गाडी पुरुषांनी भरलेली. दोघं-तिघं ओळखीच्या चेहऱ्याचे, आईंच्या गावचे असावेत. मी दवाखान्यात कुणावरही ओरडते. कॅथेटर, लघवी, जुलाब हे शब्द माझ्या तोंडात दिवसभर असतात. पण त्या गाडीत उठून, दांडा धरून पुढं जाऊन, जरा थांबवता का, एवढं मला म्हणता येईना. मी बसून राहिले.

बाभळीचं बन गेलं.

तेव्हा आई बोलायला लागल्या, खिडकीकडं तोंड करून, अगदी साध्या आवाजात. ती आतल्या कप्प्यातली गोळी नवीन सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. सूनबाईनं सांगितलं आहे म्हणून सकाळी घेतली आणि गाडीत बसल्या. निम्म्या रस्त्यात सुरू झालं. दातावर दात दाबून बसल्या, देवाचं नाव घेतलं, पण नाही थांबलं. "लुगडं भरलं माय. खाली सीटवर बी." यवतमाळ आलं तेव्हा सगळे उतरेपर्यंत त्या जागेवरून हलल्या नाहीत. मग पिशवीतली बाटली उघडून उरलेलं पाणी स्वतःच लुगड्यावर ओतलं आणि खाली उतरल्या. लेक समोर उभा होता. म्हणाल्या, बाटली सांडली.

"त्यानंतर गाडीच्या दिवशी नाही घेत. ती नाही घेत. पाणी नाही पीत, मंग बाकीच्या कशा गिळू? म्हणून कोनतीच नाही घेत."

मला आजही आठवतं, मी त्यांचा हात धरला होता आणि माझं स्वतःचं पोट इतकं दुखत होतं की तो हात मी धीर द्यायला धरला होता की आधाराला, सांगता येणार नाही. मी त्यांना पाच गोळ्या समजावल्या होत्या. त्या घेऊन बाई कुठं बसणार हे काही समजावलं नव्हतं. 

यवतमाळला उतरल्यावर मी सगळ्यात आधी कुठं धावले ते सांगायला नको. स्टँडवर नवरा स्कूटरवर होता, तो पुढं गेला, आम्ही दोघी ऑटोत बसलो. ऑटोत आई माझ्या कानाशी म्हणाल्या, "डॉक्टरले ते नको सांगू. सांग, इसरली म्हणून."

"का बरं?"

"लहान वयाचा माणूस आहे तो. अन् तिथं माहा पोरगा राह्यते."

मी म्हटलं, "आई, इसरली म्हटलं तर घराला कुलूप. आधीच पडते म्हणून तुमचे दोघं लेक अडून बसलेत, वर विसरते म्हटल्यावर एकटी कशी राहू देतील?"

ऑटोवाला चौकात कुणाशी तरी हुज्जत घालत होता. त्यांनी चंची काढून मांडीवर घेतली, दोरी सोडली, पुन्हा बांधली. मला वाटलं होतं मीच सांगून टाकावं, नर्सच्या भाषेत दोन वाक्यांत सगळं येतं. पण मग वाटलं, ही गोष्ट त्यांची आहे. कपड्यावर पाणी त्यांनी ओतलं होतं. मी गप्प राहिले, आणि माझ्यासाठी ते सोपं नव्हतं.

डॉक्टरांनी बीपी पाहिला, पावलावर अंगठा दाबला, खळगा पडला तो पाहिला. कपाळावरची खोक पाहिली. त्यांचा चेहरा खरोखर काळजीचा झाला. "आजी, काय करायचं आपण? सुजेसाठी वाढवावं तर तुम्ही पडता. गोळ्या नीट घेता ना?"

"घेतो," आई म्हणाल्या. नवरा भिंतीला टेकून उभा होता. आईंनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग त्या डॉक्टरांच्या टेबलाकडं पाहत म्हणाल्या, "रोज घेतो साहेब. ज्या दिवशी तुमच्याकडं येतो त्याच दिवशी नाही घेत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

"तीन-चार घंट्याचा रस्ता आहे. गोळी घेतली का मले लघवीले लागते. गाडी थांबत नाही, बाईले बसाले जागा नाही. एक खेप माह्यं लुगडं खराब झालं. पोराले सांगतलं, बाटली सांडली म्हणून. बाटली नव्हती सांडली. आता तुमी मले इसरभोळी म्हना का काय म्हना. पण मी इसरत नाही काई."

नवऱ्याकडं पाहायचं मी टाळलं. डॉक्टरांनी मान हलवली, हसले नाहीत, लाजलेही नाहीत, अगदी वेळ काय झाली सांगावी तसं म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. म्हणजे आजचा आकडा तुमचा नाहीच. आणि तीन तास पाय खाली सोडून बसलं तर सूज दिसणारच." मग त्यांनी वाढीव गोळी लिहायचं थांबवलं. म्हणाले, आज यवतमाळला राहा, उद्या सकाळी नेहमीसारख्या सगळ्या गोळ्या घ्या आणि मग या. तेव्हा पाहू.

त्या रात्री आई आमच्याकडं मुक्कामाला राहिल्या, पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या घेतल्या, तीनदा माझ्या न्हाणीघरात जाऊन आल्या आणि मग आम्ही निघालो. डॉक्टरांनी बीपी आधी झोपवून मोजला, मग लगेच उभं करून मोजला. झोपून बरा होता. उभ्यानं इतका उतरला की डॉक्टरांनी त्यांना दंडाला धरून पुन्हा बसवलं. पडणं कुठून येत होतं ते तिथंच सगळ्यांना दिसलं. त्यांनी बीपीची गोळी निम्मी केली, लघवीचीही कमी केली. सांगितलं, गाडीच्या दिवशी लघवीची गोळी पोहोचल्यावर घ्या किंवा दुपारी, फक्त संध्याकाळ होऊ देऊ नका, नाहीतर रात्रभर उठावं लागेल. बाकीच्या मात्र ठरल्या वेळी, दोन घास खाऊन, घोटभर पाण्याबरोबर. उठताना आधी खाटेच्या कडेला जरा बसा, मग उभ्या राहा.

घरी येऊन आईंनी पिशवीतून अडकित्ता काढला. निम्म्या करायच्या गोळ्या एका ताटलीत घेतल्या आणि एकेक करून बरोबर मधोमध कापत बसल्या. नवरा दारात उभा राहून पाहत होता. मग आत जाऊन त्यानं भावाला फोन लावला. "राहू दे," एवढंच मला ऐकू आलं, "आई तिथंच राहते."

बाभुळगावला हल्ली मी बायकांचा बीपी मोजायच्या आधी विचारते, मावशी, कशानं आलात? आधी त्या गोंधळतात. गाडीनं, म्हणतात. मग मी विचारते, आज सकाळची कोणती घेतली आणि कोणती घरी ठेवली? काही जणी पदर तोंडाला लावून हसतात. त्यांचं उत्तर मला तिथंच मिळतं.

पुढच्या तपासणीला नवरा म्हणाला, आईला आणायला मी जातो. मित्राची चारचाकी मागून घेतली. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं पोहोचलो तेव्हा अंगणात दोरीवर, चादरींवर, जिथं जागा मिळेल तिथं सरगुंडे वाळत होते. मधल्या दोन महिन्यांत आई एकदाही पडल्या नव्हत्या. सोमवारी सकाळी त्यांनी भाकरीचा कुटका खाल्ला आणि चंची उघडली. सुपारीच्या कप्प्यातली घेतली, काताच्या, चुन्याच्या, आणि मग तंबाखूच्या कप्प्यात बोट घातलं.

मी म्हटलं, "आई, ती पोहोचल्यावर घेतली तरी चालते."

"असू दे," त्या म्हणाल्या. "आज लेक आहे गाडीवर."

महागाव गेलं. नवऱ्यानं आरशात पाहिलं आणि विचारलं, "आई, थांबू?" त्या म्हणाल्या, चाल तू. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, थांबू? तेव्हाही त्या नको म्हणाल्या, पण आवाज तेवढा खंबीर नव्हता. रस्त्याकडेच्या एका शेतात घर होतं, पुढं एक बाई तूर पाखडत बसली होती. त्यानं स्वतःच गाडी कडेला घेतली. मी जाऊन त्या बाईला विचारलं. तिनं काही न विचारता मागच्या बाजूचं दार दाखवलं आणि बादली भरून दिली. नवरा आमच्याकडं पाठ करून लांब रस्त्यावर उभा राहिला, जाणारे ट्रक पाहत.

आई परत आल्या तेव्हा त्यानं गाडीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्यापुढं धरली. लुगडं भिजलं त्या दिवसापासून त्या प्रवासात पाणी प्यायल्या नव्हत्या. त्यांनी बाटली घेतली, मान वर केली आणि ओठ न लावता, वरून धार धरून, घटाघटा पाणी प्यायल्या. निम्मं लुगड्यावर गेलं. त्यांनी एकदम बाटली सरळ केली आणि लेकाकडं पाहिलं.

"सांडू दे, आई," तो म्हणाला. "सांडू दे."